बारा मीटरची गल्ली, चौदा मजल्यांची इमारत: शेजाऱ्यांनी हरकत नेमकी कशावर घ्यावी?

प्रश्न: कोथरूडचा रहिवासी

आमची गल्ली कोथरूडमध्ये, कर्वे रस्त्याच्या आतल्या अंगाला आहे. गल्लीत सात जुन्या सोसायट्या आणि काही बंगले आहेत. आमच्या इमारतीला लागून असलेले दोन बंगल्यांचे भूखंड, प्रत्येकी साधारण दहा गुंठ्यांचे, एका विकसकाने एकत्र केले असून तिथे पार्किंगवर चौदा मजले आणि छप्पन्न सदनिका अशी इमारत होणार आहे. बंगले पाडून झाले आहेत, भोवती पत्रे लागले आहेत आणि बांधकाम परवानगीचा क्रमांक लिहिलेला फलकही दर्शनी भागात लागला आहे.

गल्लीतील रहिवाशांची बैठक झाली आणि महापालिकेकडे द्यायच्या विरोधपत्राचा मसुदा तयार झाला. त्यात पुढील मुद्दे आले आहेत. इमारत परिसराच्या मानाने फार उंच आहे, आमच्या घरांचा उजेड आणि वारा अडेल, गल्लीचे शांत रूप बिघडेल, रहदारी आणि पाण्यावर ताण येईल, मागच्या बाजूची जुनी आंब्याची आणि शिरिषाची झाडे जातील, तळघराच्या खोदकामाने आमच्या 1982 सालच्या इमारतीला धोका पोहोचेल, आणि एवढ्या सदनिका झाल्यावर निम्म्या भाड्याने जाऊन गल्लीत "कोणीही" राहायला येईल. शेवटच्या मुद्द्यावर मी बैठकीतच नापसंती नोंदवली, पण तो मसुद्यात राहिला.

नकाशावर हा रस्ता बारा मीटरचा आहे. प्रत्यक्षात दोन्ही बाजूंना मोटारी उभ्या असतात, कोपऱ्यावर महावितरणचा डीपी (विजेची वितरण पेटी) रस्त्यात आलेला आहे आणि दोन जुन्या कुंपणभिंती अजून मागे सरकलेल्या नाहीत. सकाळी शाळेची व्हॅन आणि पाण्याचा टँकर समोरासमोर आले, तर दोघांपैकी एकाला कोपऱ्यापर्यंत मागे जावे लागते.

माझे प्रश्न असे आहेत. यांपैकी कोणत्या मुद्द्यांना कायद्यात वजन आहे? ते कोणाकडे आणि कधी मांडायचे? आणि तिसरा प्रश्न मला अधिक टोचतो. चार-पाच वर्षांत आमची स्वतःची सोसायटीही पुनर्विकासाला जाणार आहे. अशा वेळी शेजारच्या इमारतीला विरोध करण्याचा आम्हाला नैतिक अधिकार आहे का?

उत्तर: निवृत्त अभियंता, बांधकाम परवानगी विभाग

आपण दिलेल्या आकड्यांवरून आधी हिशेब मांडतो, कारण हरकतीची दिशा त्यावरून ठरते.

राज्याची एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली डिसेंबर 2020 मध्ये लागू झाली. मुंबई आणि काही मोजकी क्षेत्रे वगळता ती राज्यभर चालते, पुण्यातही तीच चालते. या नियमावलीत भूखंडावर किती बांधता येईल हे मुख्यतः समोरच्या रस्त्याच्या रुंदीवरून ठरते. गावठाणाबाहेरच्या भागात मूळ एफएसआय, म्हणजे भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधता येईल ते प्रमाण, 1.10 आहे. रस्ता बारा ते पंधरा मीटरच्या दरम्यान असेल, तर महापालिकेला अधिमूल्य (जादा बांधकामासाठीचे शुल्क) भरून 0.50 आणि टीडीआर, म्हणजे दुसऱ्या जागेवरून हस्तांतरित केलेला बांधकामाचा हक्क, विकत घेऊन 0.65 इतका एफएसआय अधिक मिळतो, म्हणजे एकूण 2.25. त्यावर जिने, लिफ्ट, बाल्कनी, मार्गिका यांसाठी रहिवासी इमारतीला 60 टक्क्यांपर्यंत अनुषंगिक क्षेत्र मिळते. गुणाकार केला तर 3.60 होतात. वीस गुंठे म्हणजे सुमारे 2,000 चौरस मीटर. त्यावर 7,200 चौरस मीटरपर्यंत बांधकाम बसते आणि छप्पन्न सदनिका त्यात सहज मावतात. येथे एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. हे 60 टक्के संपूर्णपणे नवे नाहीत. पूर्वी जिने आणि बाल्कन्या एफएसआयबाहेर स्वतंत्रपणे मोजल्या जात, त्या आता हिशेबात उघडपणे आल्या आहेत.

सांगायचा मुद्दा हा की "इमारत फार मोठी आहे" असे पत्र विभागात आले, तर तेथील कनिष्ठ अभियंता हाच तक्ता समोर धरील आणि दोन ओळींत उत्तर देईल. आकारमान नियमात बसत असेल, तर त्या आकारमानाला विरोध करणारे पत्र फाईलला लागते आणि तेथेच थांबते. मी अशी पुष्कळ पत्रे पाहिली. लिहिणाऱ्यांची तळमळ खरी होती, परंतु अधिकाऱ्याला कार्यवाही करता येईल असे त्यांत काही नव्हते.

आता आपला रस्ता. हा सर्व हिशेब विकास आराखड्यातील बारा मीटरवर उभा आहे. नव्या इमारतीचा भूखंडधारक आपल्या बाजूची पट्टी सोडील, पण पुढच्या दोन कुंपणभिंती तशाच राहिल्या तर गल्ली करवतीच्या दात्यांसारखी होते आणि वाहनाला मिळणारी रुंदी सर्वांत अरुंद जागेइतकीच राहते. माझ्या मते आपल्या पत्राचा पहिला आणि सर्वांत मोठा मुद्दा हाच असावा. संपूर्ण गल्लीची प्रत्यक्ष मोजणी करा. प्रत्येक इमारतीसमोर, कुंपणापासून कुंपणापर्यंत आणि उभ्या वाहनांमधून मिळणारी, अशी दोन्ही रुंदी नोंदवा आणि तो तक्ता रेखाचित्रासह पथ विभाग, बांधकाम विभाग आणि अग्निशमन दल या तिघांना द्या. 24 मीटरपेक्षा उंच इमारतीला अग्निशमन दलाचे ना हरकत प्रमाणपत्र लागते आणि अग्निशमनाची गाडी कागदावरच्या बारा मीटरमधून जात नाही. मागणी "परवानगी रद्द करा" अशी करू नका. उरलेल्या भिंती मागे घ्या, डीपी हलवा, एका बाजूला वाहने उभी करण्यास मनाई करा आणि भोगवटा प्रमाणपत्र (इमारतीत राहण्याची परवानगी) देण्यापूर्वी हे पूर्ण करा, अशी मागणी करा. अशा मागणीवर अधिकाऱ्याला काहीतरी करावे लागते.

ज्यांना रस्ता आणि एफएसआय यांचे नाते नवे आहे त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी देतो. 2016 च्या टीडीआर धोरणाने नऊ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यांवर टीडीआर वापरण्यास बंदी आली, त्यामुळे सहा मीटरच्या गल्ल्यांतील शेकडो सोसायट्यांचा पुनर्विकास अडला. त्यावर उपाय म्हणून 2020 मध्ये पुण्यात तीनशेहून अधिक सहा मीटरचे रस्ते नऊ मीटर करण्याचा प्रस्ताव आला आणि शहरात मोठा वाद झाला. रस्त्याची रेषा कागदावर सरकली की बांधकामाचा हक्क त्या दिवशी जन्माला येतो. रस्ता मात्र शेवटचे कुंपण मागे जाईपर्यंत जन्माला येत नाही. या दोहोंमधील वर्षे गल्लीतील लोक सोसतात. महापालिकेला अधिमूल्यापोटी जे पैसे मिळतात ते त्याच गल्लीतील जलवाहिनी किंवा मलवाहिनी मोठी करण्यासाठी खर्च व्हावेत, असे बंधनही नाही. नोकरीत असतानाही मला हे चुकीचे वाटत होते आणि आजही वाटते.

पाण्याचा हिशेबही मांडून द्या. माणशी 135 लिटर हे नागरी पाणीपुरवठ्याचे रूढ मान आहे. छप्पन्न कुटुंबे, घरटी चार माणसे धरली तर दिवसाला सुमारे 30,000 लिटर होतात, म्हणजे दहा हजार लिटरचे तीन टँकर. आपल्या गल्लीत आजच टँकर येत असेल, तर जलवाहिनीचा व्यास किती आहे आणि नव्या जोडणीचे नियोजन काय आहे, हे माहिती अधिकारात विचारा. माहिती अधिकार कायद्यानुसार 30 दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे.

उत्तर: तिसऱ्या मजल्यावरून

मी दुसऱ्या बाजूने लिहिते आहे आणि थोडे स्पष्ट लिहिणार आहे.

आमची इमारत आपल्या इमारतीच्याच वयाची, तीन मजल्यांची, लिफ्ट नसलेली आहे. माझ्या आईला गुडघ्यांमुळे जिना उतरता येत नाही. दवाखान्यात न्यायचे असेल तर तिला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवतो, एक जण वरून पाठ धरतो, एक जण खालून पाय धरतो, आणि प्रत्येक वळणावर खुर्ची भिंतीला टेकवून थांबावे लागते. इमारतीच्या स्लॅबमधून गज दिसू लागले आहेत. पुनर्विकासासाठी सभासदांची संमती, वास्तुविशारदाचा अहवाल, निविदा, विशेष सर्वसाधारण सभा, सहकार खात्याच्या 4 जुलै 2019 च्या निर्देशांप्रमाणे सगळी प्रक्रिया आम्ही पार पाडली. त्यानंतर शेजारच्या दोन सोसायट्यांनी अर्जांमागून अर्ज केले. एकाही अर्जात नियमभंग दाखवलेला नव्हता. परंतु प्रत्येक अर्जाने काही आठवडे गेले, विकसकाने वाढलेल्या खर्चाचे कारण सांगून देऊ केलेले क्षेत्र कमी करण्याची भाषा सुरू केली, आणि दोन वृद्ध सभासद नवे घर न पाहताच गेले.

म्हणून माझी विनंती आहे की आपण मसुद्यातून "शांत रूप" आणि "कोणीही राहायला येईल" ही दोन वाक्ये आधी काढून टाका. आज कोथरूडमध्ये स्वतःच्या घरात राहणाऱ्यांपैकी कितीतरी कुटुंबे 1961 च्या पानशेतच्या पुरानंतर पेठांतून इकडे आली, कितीतरी नोकरीनिमित्त सातारा, सांगली, नगरहून आली. जी मंडळी आज गल्लीत जुनी आहेत, ती कधीतरी कुणाच्या तरी शेताच्या बांधावर नवी होती. भाड्याने राहणारी परिचारिका, कर्वे रस्त्यावरच्या दुकानात काम करणारे जोडपे, शिकायला आलेल्या मुली, यांना आपल्या गल्लीत राहण्याचा आपल्याइतकाच हक्क आहे. पाणी, रस्ता, भिंत यांवर आपण बोललात तर मी आपल्या बरोबर सही करीन. माणसांवर बोललात तर करणार नाही.

आपल्या तिसऱ्या प्रश्नाचे माझे उत्तर असे आहे. शेजाऱ्याकडून आज जे मागाल, ते उद्या आपल्या विकसकाच्या करारनाम्यात स्वतःहून घालण्याची तयारी असेल, तर आपल्याला पूर्ण नैतिक अधिकार आहे. तसा ठराव सोसायटीच्या सभेत आताच करून तो पत्राला जोडा. गल्लीतील उरलेल्या सोसायट्यांनीही तो केला, तर महापालिकेसमोर आपले वजन वेगळेच असेल.

उत्तर: माजी सचिव, गृहनिर्माण सोसायटी

वरील भगिनींशी मी सहमत आहे. खोदकामाच्या मुद्द्यावर मात्र थोडे विस्ताराने लिहिते, कारण शेजाऱ्याला खरे, भरून न येणारे नुकसान होते ते बहुतेक वेळा येथेच होते आणि मसुद्यांत त्याला एक ओळ मिळते.

आमच्या शेजारी दोन मजली तळघर खोदले गेले. वरचा काही फूट मुरूम सुटला की खाली पुण्याचा काळा बेसाल्ट लागतो, आणि तो फोडण्यासाठी ब्रेकर दिवसभर चालतो. पहिल्या आठवड्यात घरातील भांड्यांचा आवाज होऊ लागला, मग कुंपणभिंत आमच्या बाजूला कलली, आणि पहिल्या मोठ्या पावसात खड्ड्याच्या कडेची माती ढासळून आमच्या पार्किंगची फरशी एका कोपऱ्यात खाली बसली. तेव्हा विकसकाच्या अभियंत्याने विचारले की ही फरशी आधीपासूनच बसलेली नव्हती कशावरून? आमच्या अध्यक्षांनी खोदाई सुरू होण्यापूर्वी तारखेसह छायाचित्रे काढून घेण्याचा आग्रह धरला होता, म्हणून आमच्याकडे उत्तर होते. आमच्या पलीकडच्या बंगल्यात एक वृद्ध गृहस्थ एकटे राहत, त्यांच्याकडे ते नव्हते, आणि त्यांनी भेगा स्वतःच्या खर्चाने बुजवल्या.

आपल्याकडे बंगले नुकतेच पडले आहेत, म्हणजे अजून वेळ आहे. विकसकाला लेखी कळवा की खोदकामापूर्वी आपल्या इमारतीची संयुक्त पाहणी झाली पाहिजे. पत्राची प्रत बांधकाम विभागाला आणि क्षेत्रीय कार्यालयाला द्या. खड्ड्याच्या कडेला आधारभिंत किंवा पाईल कशी घेणार, कुंपणापासून किती अंतर सोडणार, पाणी उपसून कोठे सोडणार, याचे संरचना अभियंत्याच्या सहीचे रेखाचित्र मागा. आपली कूपनलिका असेल तर तिची पाण्याची पातळी आजच मोजून ठेवा, कारण तळघराचा खड्डा कोरडा ठेवण्यासाठी उपसा सुरू झाला की आसपासच्या कूपनलिका आटतात आणि नंतर ते सिद्ध करणे कठीण जाते.

आवाजाबद्दलही लोकांना फारसे माहीत नसते. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांत पुढे झालेल्या दुरुस्तीनुसार, निवासी भागात रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत आवाज करणारी बांधकाम यंत्रे चालवण्यास मनाई आहे. रात्री अकराला स्लॅबसाठी काँक्रीटचे मिक्सर आले, तर ती तक्रार थेट पोलिसांकडे करता येते. वेळ नोंदवा आणि ध्वनिचित्रण ठेवा.

उत्तर: वकील

कायद्याची बाजू क्रमाने मांडतो. हे सर्वसाधारण विवेचन आहे. आपले कागद पाहूनच निश्चित मत देता येईल.

पहिली गोष्ट कटू आहे. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 मध्ये एखाद्या भूखंडाच्या बांधकाम परवानगीपूर्वी शेजाऱ्यांना नोटीस देण्याची किंवा त्यांची सुनावणी घेण्याची तरतूद नाही. अर्ज येतो, छाननी होते, प्रारंभ प्रमाणपत्र (काम सुरू करण्याची परवानगी) मिळते, आणि शेजाऱ्याला पत्रे लागल्यावर कळते. जनतेच्या हरकतींना कायद्याने जागा दिली आहे ती विकास आराखडा आणि नियमावली तयार होताना. पुण्याच्या जुन्या हद्दीच्या आराखड्याचा मसुदा 2013 मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा ऐंशी हजारांहून अधिक हरकती-सूचना आल्या होत्या. एकत्रिकृत नियमावलीचा मसुदाही 2019 मध्ये हरकतींसाठी खुला होता. आपल्या गल्लीत चौदा मजले होऊ शकतात हे त्या टप्प्यांवर ठरले. ज्यांना शहराची चिंता आहे त्यांनी पुढच्या आराखड्याच्या वेळी गल्लीची मोजणी आणि पाण्याचा हिशेब घेऊन हजर राहिले पाहिजे, हे मी प्रत्येक अशिलाला सांगतो.

पर्यावरणाच्या बाजूनेही येथे फारसा आधार नाही. 14 सप्टेंबर 2006 च्या अधिसूचनेनुसार 20,000 चौरस मीटरपासून पुढच्या बांधकामांना पर्यावरणविषयक पूर्वमंजुरी लागते. आपल्या शेजारचा प्रकल्प पार्किंग धरूनही त्याच्या बराच आत आहे. आणि ज्या इमारतींना ती मंजुरी लागते, त्यांनाही जनसुनावणीतून सूट आहे. एका गल्लीत असे चार प्रकल्प झाले तर त्यांचा एकत्रित भार मोजण्याची जबाबदारी कोणत्याच मंजुरीत येत नाही. माझ्या दृष्टीने ही या व्यवस्थेतील सर्वांत मोठी उणीव आहे.

दुसरी गोष्ट आशेची आहे. बांधकाम नियमबाह्य असेल, तर परिसरातील रहिवाशाला न्यायालयात दाद मागण्याचा अधिकार आहे. के. रामदास शेणॉय विरुद्ध उडुपी नगरपरिषद या 1974 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने, निवासी भागात बेकायदा उभ्या राहणाऱ्या चित्रपटगृहाच्या प्रकरणी, रहिवाशाचा हा हक्क मान्य केला. अलीकडचे उदाहरण नोएडाचे आहे. तेथील सुपरटेक या विकसकाच्या जोड-मनोऱ्यांविरुद्ध त्याच संकुलातील रहिवासी 2012 मध्ये उच्च न्यायालयात गेले, 2014 मध्ये पाडण्याचा आदेश झाला, 31 ऑगस्ट 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला आणि 28 ऑगस्ट 2022 रोजी मनोरे पाडले गेले. निकालाचा पाया इमारतींमधील किमान अंतराचा भंग आणि आधीच्या सदनिकाधारकांच्या संमतीचा अभाव हा होता. मनोऱ्यांची उंची रहिवाशांना आवडत नव्हती, यावर तो निकाल उभा नाही. रहिवासी दहा वर्षे चिकाटीने लढले, आणि त्यांच्या हातात मोजता येण्यासारखा भंग होता.

म्हणून विरोधपत्र पाठवण्यापूर्वी मंजूर नकाशाची प्रमाणित प्रत मिळवा. प्रकल्पाची महारेराकडे (राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाकडे) नोंदणी झाली असेल तर मंजुरीचे कागद त्यांच्या संकेतस्थळावरही दिसतात. समास अंतर, म्हणजे इमारतीभोवती मोकळे सोडायचे अंतर, तपासा. इमारतीची उंची वाढते तसे बाजूचे आणि मागचे अंतर वाढवावे लागते, साधारणपणे उंचीच्या एक पंचमांशाच्या हिशेबाने. भूखंडांचे एकत्रीकरण मंजूर झाले आहे का, रुंदीकरणाची पट्टी महापालिकेच्या नावे झाली आहे का, नकाशावर दाखवलेली झाडे जागेवरील झाडांशी जुळतात का, हे पाहा. जोत्यापर्यंत काम आल्यावर जोते तपासणी होते. समास अंतरात तफावत असेल तर ती तेव्हाच दाखवा, कारण चौदा मजले उभे राहिल्यावर आलेल्या अर्जदाराला न्यायालय पहिला प्रश्न विलंबाचाच विचारते. परवानगीविरुद्ध काम चालल्यास त्याच अधिनियमात काम थांबवण्याची आणि अनधिकृत भाग काढण्याची नोटीस देण्याचे अधिकार महापालिकेला आहेत.

उजेडाबद्दल. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, 1882 नुसार खिडकीतून येणारा उजेड आणि हवा वीस वर्षे अखंड उपभोगली असेल तर हक्क निर्माण होऊ शकतो. 1982 ची इमारत त्या कसोटीला उतरते. परंतु उजेड काहीसा कमी झाला एवढ्याने भागत नाही, घराचा उपयोग खरोखर बाधित होईल इतकी घट दाखवावी लागते, आणि समास अंतरे पाळलेली असतील तर ते कठीण जाते. खिडकीतून वेताळ टेकडी दिसत होती ती आता दिसणार नाही, याला कायद्यात संरक्षण नाही. मला स्वतःला ते दुःख समजते, पण पत्रात त्याने इतर मुद्द्यांचे बळ कमी होईल.

झाडांचा मुद्दा मात्र पक्का आहे. 1975 च्या वृक्षसंरक्षण अधिनियमानुसार झाड तोडण्याच्या प्रस्तावाची जाहिरात वृत्तपत्रांत द्यावी लागते आणि झाडावरही नोटीस लावावी लागते. ज्या बांधकाम परवानगीत आपल्याला कोणी विचारले नाही, त्याच प्रकल्पात येथे आपल्याला हरकतीचा हक्क आहे. 2021 च्या दुरुस्तीने पन्नास वर्षे किंवा अधिक वयाची झाडे वारसा वृक्ष मानली जातात. आपला आंबा आणि शिरीष किती वर्षांचे आहेत याचा पुरावा शोधा. जुनी कौटुंबिक छायाचित्रेही चालतात. नोटिशीची मुदत थोडी असते, तेव्हा रोज कोणीतरी झाडांकडे पाहिले पाहिजे.

कोथरूडचा रहिवासी

सर्वांचे मनापासून आभार. काल पुन्हा बैठक घेतली आणि ही सगळी उत्तरे वाचून दाखवली. भाडेकरूंविषयीचे वाक्य काढण्यास दोन जणांचा विरोध होता, परंतु बहुमताने ते निघाले. उंची, शांतता आणि उजेड-वारा हे मुद्देही काढले. आता पत्रात रस्त्याची मोजणी, अग्निशमनाच्या गाडीची वाट, जलवाहिनी, खोदकामाची सुरक्षितता आणि झाडे एवढेच आहे. आमच्या पुनर्विकासात हीच बंधने पाळू, असा ठराव सोसायटीच्या पुढच्या सभेपुढे ठेवला आहे. सातपैकी तीन सोसायट्या तसा ठराव करण्यास तयार आहेत. बाकीच्यांना तो आपल्या विकसकाशी बोलणी करताना अडचणीचा वाटतो. त्यांच्याशी बोलणे चालू आहे.

दोन शंका उरल्या आहेत. संयुक्त पाहणीचा खर्च कोणी करायचा? आणि आमच्या जिन्याच्या भिंतीत आधीपासूनच दोन भेगा आहेत. त्या आम्ही स्वतःहून दाखवल्या तर पुढे आमच्याविरुद्ध जाईल, असे काही सभासदांना वाटते.

माजी सचिव, गृहनिर्माण सोसायटी

खर्च विकसकाने करावा अशीच मागणी करा. पण संरचना अभियंता दोघांना मान्य असलेला हवा आणि अहवालाच्या प्रत्येक पानावर दोन्ही बाजूंच्या सह्या हव्यात. त्याने नकार दिला तर तो नकार लेखी घ्या, स्वतःच्या खर्चाने पाहणी करून घ्या आणि अहवालाची प्रत महापालिकेकडे पोच घेऊन जमा करा. छप्पन्न सदनिका विकायच्या असलेल्या माणसाला गल्लीशी वैर परवडत नाही, हेही लक्षात असू द्या. आमच्याकडचा विकसक पहिल्या पत्राला गप्प राहिला आणि दुसऱ्या पत्राला अभियंता पाठवता झाला.

जुन्या भेगा मात्र अजिबात लपवू नका. त्याच सर्वांत आधी दाखवा. भेगेच्या दोन्ही टोकांशी तारीख लिहा, रुंदी मोजून नोंदवा, आणि भेगेवर आडवी पातळ काचेची पट्टी दोन्ही बाजूंनी प्लॅस्टर ऑफ पॅरिसने चिकटवून घ्या. भिंत हलली तर काच तडकते, आणि खोदाई सुरू झाल्यानंतर काच तडकली तर भेग जुनी असूनही हालचाल नवी आहे हे कोणालाही दाखवता येते. आम्ही अशा पट्ट्या जिन्यात, पाण्याच्या टाकीच्या भिंतीवर आणि कुंपणाच्या कोपऱ्यात लावल्या होत्या आणि दर सोमवारी त्यांचे छायाचित्र काढत होतो. ब्रेकर जागेवर येण्यापूर्वी हे काम उरकून घ्या. काचेच्या पट्ट्या फोटोफ्रेम करणाऱ्याकडे कापून मिळतात.